गुरुवारचा स्लॉट आणि कॅलाबासासची पोरं

सकाळी ७.३०

कुलूप उघडलं की आधी नाक कामाला लागतं, कान नंतर. जॅमरूम तळघरात आहे. पावसाळ्यात रात्रभर बंद राहिली की ओल्या गालिच्याचा वास दारातच भेटतो. डीह्युमिडिफायरची टाकी रिकामी करायची, एक्झॉस्ट लावायचा, ड्रम्सवरची चादर काढायची. आज गुरुवार, आणि पुण्यात आमच्या भागात आज नळाला पाणी नाही, तेव्हा फरशी पुसणं उद्यावर.

संध्याकाळी सहाचा स्लॉट एका कॉलेजच्या बँडचा आहे, आणि तो सरावाचा नाही, रेकॉर्डिंगचा आहे. चौघं जण, एकोणीस-वीस वर्षांचे. फंक आणि मेटल एकत्र करून वाजवतात, गाणीही स्वतःची करतात. साउंड कसा पाहिजे असं विचारलं तर त्यांनी एका अल्बमचं नाव पाठवलं: इन्क्युबस या अमेरिकन बँडचा 'सायन्स', साल १९९७. नावातल्या प्रत्येक इंग्रजी अक्षरापुढे टिंब आहे, पण आपण सायन्सच म्हणू. या मुलांपेक्षा तो अल्बम वयाने मोठा आहे. कोणी असा नेमका रेफरन्स दिला की माझ्या दिवसाची आखणी आपोआप होते. ज्याच्यासारखं हवंय ते आधी नीट ऐकायचं, मग आपल्या खोलीत त्यातलं काय जमतं ते बघायचं, आणि मधलं अंतर पोरांचा हिरमोड न करता त्यांच्या कानावर घालायचं.

८.१५

केबल्स. सरावाला येणारा प्रत्येक जण केबल कोपराभोवती पिळून गुंडाळतो आणि मग आतली तार जॅकपाशी तुटते. सोल्डरिंग गन तापत ठेवली, खरखरणाऱ्या केबल्स बाजूला काढल्या, डाग दिले. मधेच एका नव्या ग्राहकाचा मेसेज: "सर, भिंतींना अंड्याचे ट्रे लावलेत ना?" नाहीत. अंड्याच्या ट्रेने आवाज अडत नाही. आवाज अडवायला वजन लागतं, जाड भिंत, एकामागे एक दोन दारं, फटी बुजवलेल्या. हे एवढं टाइप करायचा कंटाळा आला, म्हणून "या, बघून जा" असं लिहिलं.

९.००

पहिल्या ऐकण्याला वही उघडायची नाही. मॉनिटर स्पीकरांसमोर बसायचं आणि बाराही गाणी सलग जाऊ द्यायची.

अल्बम ऐकताना पहिली गोष्ट लक्षात येते ती वाजवणाऱ्यांचं वय. लॉस एंजेलिसच्या वायव्येला, सॅन फर्नांडो व्हॅली जिथे संपते तिथल्या डोंगरांत कॅलाबासास नावाचं खाऊनपिऊन सुखी गाव आहे. तिथल्या शाळेतल्या पोरांनी १९९१ मध्ये हा बँड काढला. गायक ब्रँडन बॉइड, गिटारिस्ट माइक आइनझिगर, ड्रमर होझे पसियास, तिघांचाही जन्म १९७६ चा. बेसवर ॲलेक्स कटुनिच, अल्बमवर त्याचं नाव डर्क लान्स असं छापलेलं. १९९५ मध्ये त्यांनी 'फंगस अमंगस' नावाचा पहिला अल्बम स्वतःच्या हिमतीवर काढला. तो ऐकला तर घरी कोणाच्या कॅसेटी झिजल्या होत्या ते लगेच कळतं: रेड हॉट चिली पेपर्स, प्रायमस. उत्साह भरपूर, पण अंगातला कपडा थोरल्या भावाचा.

१९९७ च्या जानेवारीत 'एन्जॉय इन्क्युबस' हा ईपी आला आणि त्याच वर्षी ९ सप्टेंबरला 'सायन्स'. 'फंगस'नंतर दोन गोष्टी बदलल्या होत्या. गॅव्हिन कोपेल, म्हणजे डीजे लाइफ, टर्नटेबल घेऊन बँडमध्ये आला होता. आणि पाठीशी इमॉर्टल-एपिक उभे होते. कॉर्नचा पहिला अल्बम काढणारी लेबल कंपनी ती हीच. न बदललेली गोष्ट निर्मात्याची. 'फंगस'लाही जिम वर्ट होता, इथेही तोच, आणि जागाही तीच, सँटा मोनिकातला फोर्थ स्ट्रीट रेकॉर्डिंग स्टुडिओ. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. मोठ्या कंपनीचा पैसा आला की नव्या बँडला लगेच नावाजलेल्या निर्मात्याच्या हवाली करतात आणि तो पहिल्या दिवशी पोरांना नवे कपडे घालतो. इथे पोरं ज्याला ओळखत होती आणि जो पोरांच्या खोड्या ओळखत होता, त्याच्याबरोबरच पुन्हा बसली. अल्बममध्ये जो बिनधास्तपणा आहे, त्यातला काही तरी भाग या ओळखीचा असणार.

बिनधास्तपणा म्हणजे किती? 'मॅजिक मेडिसिन'मध्ये गाणंच नाही. लहान मुलांसाठी वाचलेल्या गोष्टीचा आवाज आणि त्याखाली इलेक्ट्रॉनिक ठेका. 'समर रोमान्स'मध्ये रात्री उशिराच्या क्लबातला संथ जॅझी झोका आहे आणि सॅक्सोफोन आहे. 'इडियट बॉक्स' टीव्हीवर चिडतं, 'कॅलगोन'मध्ये परग्रहवासी माणसाला उचलून नेतात. बॉइड गातो, मधेच जेंबे बडवतो. एका अल्बमात हे सगळं कोंबायची हिंमत विशीतच होते. तिशीत माणूस त्यातली चार गाणी पुढच्या वेळेसाठी ठेवून देतो.

१०.३०

दुसरं ऐकणं, हेडफोनवर, वही उघडी. आता गाणं ऐकायचं नाही, गाण्यात कोण कधी गप्प बसतं ते ऐकायचं.

फंक आणि मेटल यांचं मिश्रण म्हटलं की लोकांना वाटतं, खाली स्लॅप बेस, वर भारी गिटार, झालं. तसं केलं की काय होतं ते या खोलीत नेहमी ऐकायला मिळतं: चिखल. कारण साधं आहे आणि ते विजेच्या गणितात आहे. गिटारला डिस्टॉर्शन दिलं की हळू वाजवलेला आणि जोरात वाजवलेला स्वर जवळपास एकाच उंचीचा होतो. सिग्नलची शिखरं कापली जातात, दऱ्या भरल्या जातात. मेटलची भिंत उभी राहते ती यामुळेच. फंकचा जीव नेमका त्या दऱ्यांत असतो. बेसवाला तार दाबून न वाजवता नुसती 'टक' करतो ते घोस्ट नोट, स्नेअरवर काठी जेमतेम टेकते ते बारीक ठोके, एका आघातानंतर हात उचलून सोडलेली जागा. एक जण जागा भरतो, दुसरा जागा राखतो, आणि दोघांना एकाच खोलीत राहायचंय.

शिवाय दोघांचा पत्ताही एकच. चार तारांच्या बेसची सर्वांत खालची तार साधारण ४१ हर्ट्झला बोलते, गिटारची ८२ ला. पण बेसचं भरीवपण ऐकू येतं ते त्याच्या वरच्या पट्ट्यांमुळे, आणि तिथे डिस्टॉर्शनवाली गिटार आधीच उभी असते, लोकलच्या दारात खांदे रुंद करून उभ्या राहणाऱ्या माणसासारखी. ना स्वतः उतरणार, ना दुसऱ्याला चढू देणार.

'सायन्स'मध्ये आइनझिगर दारातून बाजूला होतो. हे माझ्या वहीतलं पहिलं वाक्य. कडव्यात बेस नाचत असेल तर गिटार बहुतेक वेळा स्वच्छ असते, वाह-वाह पेडल हलवत तुटक ठोके मारते, किंवा नुसती एखादी विचित्र कळ काढून थांबते. मग ध्रुवपद येतं आणि गिटार पूर्ण उघडते. तेव्हा बेस नाचणं सोडून गिटारबरोबर एकाच रिफला जोडला जातो. म्हणजे फंक आणि मेटल एकमेकांवर चढवलेले नाहीत, पाळीपाळीने येतात. आणि मजा कुठे आहे, तर पाळी बदलते त्या क्षणी. 'न्यू स्किन' किंवा 'ग्लास' ऐका. कडव्यातून ध्रुवपदात जाताना पाचही जण एकदम थांबतात, अर्धा श्वास जातो आणि सगळे एकदम कोसळतात. हा थांबा एकाने जरी आधी किंवा नंतर घेतला तरी गाणं फसतं. शाळेपासून एकमेकांबरोबर वाजवणाऱ्यांनाच तो असा साधतो.

टर्नटेबलचं काम इथे फार हुशारीचं आहे. डीजे लाइफ स्क्रॅच करतो ते बहुधा गिटारने मोकळ्या सोडलेल्या जागेत. गिटारिस्ट कमी वाजवतो, पण ऐकणाऱ्याला गाणं रिकामं वाटत नाही, कारण त्या फटीत काही तरी खुडबुडत असतं.

दुपारी १२.००

बेस शिकायला येणारी मुलगी. बारावीत आहे, वेळ फक्त दुपारचा. तिला स्लॅप पाहिजे, लगेच पाहिजे, आणि व्हिडिओत दिसतो तसा पाहिजे.

तिला आधी लॅरी ग्रॅहमची गोष्ट सांगितली. सॅन फ्रान्सिस्कोच्या क्लबांत त्याची आई डेल ग्रॅहम पियानो वाजवून गायची, पोरगा साथीला बेस वाजवायचा. पुढे ड्रमर राहिला नाही. मग त्याने अंगठ्याने तार ठोकून बेस ड्रमची उणीव भरली आणि बोटाने तार खेचून स्नेअरची. पुढे स्लाय अँड द फॅमिली स्टोनमधून ही पद्धत जगभर गेली. म्हणजे स्लॅप हा मुळात ड्रमरची गैरहजेरी भागवायचा उपाय.

"मग सर, ड्रमर असेल तर?"

"तर जपून. तुझा अंगठा त्याच्या पायाबरोबर पडला पाहिजे. नाहीतर दोन ड्रमर होतात आणि एकही धड ऐकू येत नाही."

मग तिला मेट्रोनोमवर फक्त अंगठा लावायला दिला. पहिल्या मात्रेवर आघात, बाकी तीन मात्रा तार दाबून गप्प. जेम्स ब्राउन आपल्या वादकांना हीच पहिली मात्रा घोटवून घ्यायचा. बाकी काय वाटेल ते करा, त्या मात्रेवर सगळे घरी पाहिजेत. तिने लहानपणी तबला शिकलाय, म्हणून तिला समजायला वेळ लागला नाही. सम म्हणाली आणि कामाला लागली. मी तासभर तिच्याकडून फार काही वाजवून घेतलं नाही. तिला हे आवडलं नसावं, पण पुढच्या गुरुवारी येते म्हणाली.

१.१५

डबा. पोळी, दोडक्याची भाजी, ताक. जेवताना गाणी नाहीत.

२.००

ड्रम्स. रेकॉर्डिंगच्या दिवशी सगळ्यांत जास्त वेळ इथे जातो, आणि तो गेला पाहिजे.

पसियासचा स्नेअर या अल्बमात चढा, कोरडा आणि आखूड आहे. ठोका वाजतो आणि लगेच संपतो. त्याला कारण आहे. मिनिटाला १०० ठोक्यांची लय धरली तर एका मात्रेचा चौथा भाग म्हणजे सेकंदाचे १५ शतांश. फंकचे बारीक ठोके एवढ्याशा अंतरावर एकामागून एक येतात. स्नेअरचा घुमारा त्याहून लांबला तर आधीच्या ठोक्याची शेपटी पुढच्या ठोक्याच्या तोंडात जाते. मेटलच्या ड्रमरला मोठा, घुमणारा, भिंती हलवणारा स्नेअर आवडतो. इथे तो चालत नाही, म्हणून या अल्बमात ध्रुवपद कितीही भारी झालं तरी स्नेअर फंकचाच राहतो. मेटलने गिटार घेतली, फंकने ड्रम्स ठेवून घेतले, असा हा व्यवहार आहे आणि मला तो बरोबर वाटतो.

तळघरात घुमारा काढायचा म्हणजे अंगमेहनत. जाड सतरंज्या, पडदे, ड्रम्समागे उभी केलेली रॉकवुलची पॅनेल्स. स्नेअरचं वरचं कातडं चढवलं, खालची जाळी घट्ट केली, बेस ड्रमच्या पोटात उशी. माइक: बेस ड्रमला आत एक, स्नेअरला वरून एसएम ५७, झांजांच्या वर दोन कंडेन्सर, स्नेअरपासून सारख्याच अंतरावर, मोजपट्टी लावून. हे अंतर चुकलं तर एकच ठोका दोन माइकांत वेगवेगळ्या वेळी पोचतो आणि स्नेअर पोकळ होतो. मग संगणकात कितीही कारागिरी करा.

तास-दीड तास ठकठक. वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी खाली डोकावून विचारलं, "अजून किती?" म्हटलं, "झालंच." झालं नव्हतं.

३.४५

लाइट गेली. इन्व्हर्टरवर एक दिवा आणि पंखा, बाकी सगळं ठप्प.

सीडी कपाटात होती, ती काढून बसलो. काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमध्ये घेतलेली. ते दुकान २०१६ मध्ये बंद झालं. डिस्क आता चालवत नाही, पण कोणी काय वाजवलं ते अजूनही पुस्तिकेतच बघायची सवय आहे.

१९९७ हे या जातीच्या संगीतासाठी विचित्र वर्ष. फंक-मेटलचा भर ओसरत आला होता. तो भर होता १९८८-९० च्या आसपास. लिव्हिंग कलरचा 'व्हिव्हिड' १९८८ चा. फेथ नो मोअरचा 'द रिअल थिंग' आणि चिली पेपर्सचा 'मदर्स मिल्क' १९८९ चे. प्रायमसचा 'फ्रिझल फ्राय' १९९० चा. त्यातल्या 'मदर्स मिल्क'ची कथा माझ्या आजच्या कामाशी थेट जोडलेली आहे. गिटारिस्ट जॉन फ्रुशान्ते तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांचा, बँडमध्ये नवा. निर्माता मायकेल बाइनहॉर्नला मेटलसारखी जाड, थरावर थर चढवलेली गिटार हवी होती, पोराला ती नको होती. त्या अल्बमात गिटार आणि बेस यांची जी ढकलाढकली ऐकू येते ती स्टुडिओतल्या वादाचीच. दोन वर्षांनी 'ब्लड शुगर सेक्स मॅजिक'मध्ये निर्माता बदलला, गिटार सडपातळ झाली आणि बँडला श्वास घेता आला.

तर १९९७. त्या वर्षी जूनमध्ये फेथ नो मोअरचा 'अल्बम ऑफ द इयर' आला आणि पुढच्या एप्रिलमध्ये बँड फुटला. त्याच उन्हाळ्यात लिंप बिझकिटचा पहिला अल्बम, शरदात डेफ्टोन्सचा 'अराउंड द फर'. कॉर्नच्या मागून नू-मेटलची लाट चढत होती: गिटारी आणखी खाली ट्यून केलेल्या, राग अधिक, विनोद कमी. 'सायन्स' या दोन लाटांच्या मधल्या उतारावर उभा आहे. त्यात आधीच्यांचा खोडकरपणा आहे आणि नंतरच्यांचा डीजे आहे. बॉइडच्या गळ्यात फेथ नो मोअरचा माइक पॅटन जागोजाग बसलेला आहे, ते लपवायचा त्याने प्रयत्नही केलेला नाही: नाकातला चिरका सूर, मधेच गुळगुळीत गाणं, मधेच ओरडणं. टीका करायचीच तर ती इथे करता येते. मी ती करणार नाही. एकविसाव्या वर्षी गायकाने आपला गुरू लपवला तरच मला शंका येते.

शब्दांबद्दल मात्र मी एवढा उदार नाही. टीव्ही वाईट, धर्म हुकूम सोडतो, चालढकल करू नका, स्वतःचा विचार स्वतः करा. विशीतल्या, नुकतीच चार पुस्तकं वाचलेल्या पोराचं हे तत्त्वज्ञान. 'अ सर्टन शेड ऑफ ग्रीन'सारख्या गाण्यात संगीत इतकं चपळ आहे की उपदेश झटकन पुढे निघून जातो. जिथे संगीत रेंगाळतं तिथे तो टोचतो.

अल्बम आल्यावर बँडने रस्ता धरला. १९९८ मध्ये ऑझफेस्ट, मग फॅमिली व्हॅल्यूज टूरमध्ये शेवटच्या काही कार्यक्रमांना आइस क्यूबच्या जागी. त्या दौऱ्याच्या लाइव्ह अल्बमवर त्यांचं 'न्यू स्किन' आहे. दरम्यान डीजे लाइफ गेला, ख्रिस किलमोर आला. १९९९ च्या 'मेक युअरसेल्फ'ने त्यांना खरं यश दिलं, पण तोवर स्लॅप मागे पडला होता, गाणी सुटसुटीत झाली होती. ज्यांना इन्क्युबस म्हणजे त्यातलं 'ड्राइव्ह' हे गाणं एवढंच माहीत आहे, त्यांना हा अल्बम दुसऱ्याच कोणाचा वाटेल.

४.५०

लाइट आली. मिक्सर, इंटरफेस, संगणक, या क्रमाने. चहा.

६.००

पोरं वेळेवर आली, हे लिहून ठेवण्यासारखं. बेसिस्टने नवीन तारा घातल्यात, चकाकतायत. गिटारिस्टने पेडलबोर्ड आणलाय, तो उघडायलाच दोघं लागले. गाणं एक, साडेचार मिनिटांचं.

पहिला टेक सगळ्यांचा एकत्र, मी काहीच न बोलता. वाजवतात चांगले. ड्रमर तर फारच चांगला. पण कडव्यात बेस स्लॅप करतोय, गिटार त्याच्यावर पूर्ण डिस्टॉर्शन देऊन तीच रिफ वाजवतेय, गायक दोघांच्या वरून ओरडतोय. टेक संपल्यावर सगळे माझ्याकडे बघतायत.

"कसा वाटला, दादा?"

"ऐका ना तुम्हीच."

ऐकवलं. बेसिस्टचा चेहरा उतरला. त्याने घरी बसून जे काही घोटलं होतं, त्यातलं जवळपास काहीच ऐकू येत नव्हतं.

"बेस वाढव ना, दादा."

वाढवला. आता सगळंच मोठं झालं. गिटारिस्ट म्हणाला, "आता माझी गिटार खाली गेली." ही भांडणं मिक्सरवर सुटत नाहीत, पण ते मी सांगून पटत नाही. 'ग्लास'चं कडवं लावून दिलं आणि गिटारिस्टला म्हटलं, "यात तुझा माणूस काय करतोय ते मोज."

त्याने दोनदा ऐकलं. मग हळूच म्हणाला, "काही करतच नाहीये जास्त."

"पैसे त्यालाही तेवढेच मिळाले असतील."

हशा झाला आणि काम सुरू झालं. कडव्यात डिस्टॉर्शन बंद, स्वच्छ आवाज, मागच्या पिकअपवर, तारा तळव्याने दाबून फक्त दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर तुटक ठोके. ध्रुवपदात सगळं उघडायचं आणि तिथे बेसने स्लॅप सोडून बोटांनी गिटारचीच रिफ धरायची. बेसिस्टला हे जड गेलं. "दादा, मग माझा स्लॅप फक्त कडव्यातच?" होय, पण आता तो ऐकू येईल.

खरी मेहनत थांब्यावर झाली. कडवं संपतं तिथे दोन मात्रा सगळ्यांनी गप्प राहायचं असं ठरवलं. ठरवायला एक मिनिट लागलं, जमायला पाऊण तास. गिटारचा ॲम्प गुणगुणत राहायचा, झांज घुमत राहायची, गायक श्वास घ्यायचा तो माइकमध्ये यायचा. गप्प बसायलाही हात लागतात: ड्रमरने झांज बोटांनी धरायची, गिटारिस्टने तारांवर तळवा ठेवून पायाने पेडल मारायचं, बेसिस्टने दोन्ही हात तारांवर. चौघांनी एकमेकांकडे बघायचं ठरवलं आणि मग टेक आला. माझा हात स्पेसबारवरून निघालाच नाही. त्या दोन मात्रांत डीह्युमिडिफायरची घरघर येऊ नये म्हणून मी तो आधीच बंद करून ठेवला होता, एवढं एक शहाणपण.

नंतर बेस थेट डीआय बॉक्समधून पुन्हा एकदा, नुसता. गिटारचे थर ध्रुवपदात दोन, डावा आणि उजवा. तिसरा हवा होता त्याला, दिला नाही. गायन शेवटी. गायक थकला होता, तरी एका ओळीत त्याने जो सूर लावला त्यावर बाकीचे तिघं काचेपलीकडे नाचायला लागले.

रात्री ९.१०

पोरं गेली, पेडलबोर्ड परत बंद करायला पुन्हा दोघं. कच्चं मिक्स बांधून 'सायन्स'शेजारी लावलं, दोन्हींचा आवाज सारखा करून. मोठ्या आवाजातलं नेहमीच चांगलं वाटतं, म्हणून तुलनेआधी पातळी जुळवायची.

आपलं कुठे कमी पडतं? ड्रम्सना खोली नाही. तळघर ते तळघर, सँटा मोनिकाचा स्टुडिओ तो स्टुडिओ. गायकाच्या आवाजाला अजून स्वतःचा चेहरा नाही. पण कडवं उभं राहतंय, बेसच्या घोस्ट नोट मोजता येतायत आणि थांबा कोरडाठाक आहे. बेसला थोडा कॉम्प्रेसर दिला, अंगठ्याचा आघात फार उसळू नये इतकाच. बाकी उद्या, ताज्या कानांनी.

'सायन्स'बद्दल दिवसभर ऐकून झालेलं मत असं. अल्बम गरजेपेक्षा लांब आहे. शेवटच्या टप्प्यात दोनेक गाणी कमी चालली असती. शब्द कच्चे आहेत. पण वाजवणं कच्चं नाही, आणि फंक-मेटल नावाखाली जे काही आलं त्यात एकमेकांना जागा देणारा यापेक्षा चांगला तरुण बँड मला फारसा आठवत नाही. 'मेक युअरसेल्फ' अधिक खपला, अधिक नीटनेटका आहे. मी आजही आधी 'सायन्स' लावतो.

१०.००

हिशेब, चादर, एक्झॉस्ट, कुलूप. डीह्युमिडिफायर पुन्हा चालू.

ऐकायचा असेल तर एक विनंती: फोनच्या स्पीकरवर ऐकू नका. त्या एवढ्याशा स्पीकरमधून खालचे सूर बाहेरच पडत नाहीत, म्हणजे या अल्बमातला बेस तुमच्यापर्यंत धड पोचत नाही आणि उरते नुसती आरडाओरड. साधे तारेचे इयरफोन चालतील. सुरुवात 'न्यू स्किन'पासून करा, मग 'ग्लास', मग 'समर रोमान्स', आणि जमलं तर सगळा अल्बम पहिल्यापासून. घरात बेस शिकणारं कोणी असेल तर त्याला शेजारी बसवा.